मैदानावर घेतलेली हजेरी

“मॅनेजर कसली, कुणाची तरी बहीण असेल. डबा घेऊन आली असेल.”

वाक्य माझ्या मागच्या बाकावरून आलं आणि ते इंग्रजीत होतं. बोलणाऱ्याने आवाज खाली आणायची तसदी घेतली नव्हती. खाडीपलीकडून कांद्याच्या टेम्पोत बसून आलेल्यांना इंग्रजी कळत असेल, अशी शंका त्याला आली नसावी. मी नन्सच्या शाळेत शिकले आहे, त्यामुळे मला ते व्याकरणासकट कळलं. पण वळून बघायचा माझा स्वभाव नाही. मी मांडीवरच्या पितळी डब्यात लिंबं चिरत राहिले. डबा होता, एवढं त्याचं बरोबर होतं.

त्या दिवशी मी खरोखरच मॅनेजर होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. वाशीच्या आमच्या नव्या कॉलेजात मी इंग्रजीची तात्पुरती लेक्चरर होते. तात्पुरत्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून वर्गांबरोबर जिमखानाही माझ्याकडे आला. जिमखाना हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात ती जिन्याखालची एक खोली होती. तिच्यात एक लोखंडी कपाट, फाटलेलं व्हॉलीबॉलचं जाळं आणि हवा न धरणारे तीन-चार बॉल. खरा कारभार पी.टी.च्या काळे सरांचा. ते साताऱ्याकडचे, आणि त्यांचा सगळा जीव कबड्डीत. फुटबॉलचा सामना आणि कबड्डीचा सामना एकाच दिवशी आले तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

“मॅडम, फुटबॉलला तुम्ही जा. काही करायचं नसतं. नुसतं बसायचं.”

“मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, सर.”

“मला तरी कुठं कळतंय?”

जिमखान्याचं काम म्हणजे नेमकं काय, असं मला आता लोक विचारतात. ती नोकरी मी सोडली आहे, तरी विचारतात, कारण माझ्याकडे बघून मी कुठल्या मैदानावर गेले असेन असं कुणाला वाटत नाही. बाहेरगावी खेळायला जाणाऱ्या प्रत्येक संघाबरोबर कॉलेजचं एक माणूस लागतं. ते नसेल तर संघाला मैदानावर घेत नाहीत. या माणसाने मुलांची ओळखपत्रं सांभाळायची, घड्याळं आणि गळ्यातल्या चेन रुमालात बांधून ठेवायच्या, लिंबं चिरायची, कुणाचा पाय मुरगळला तर गंभीर चेहरा करायचा. बोलायचं काम जवळजवळ नसतं. पंचांनी हाताने बोलावल्याशिवाय मॅनेजरला रेषेच्या आत पाऊल टाकता येत नाही. हा नियम मला फार आवडला होता.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटत. बुद्धिबळाच्या स्पर्धेतून एकाने आयत्या वेळी नाव काढून घेतलं, कारण समोर त्याच्याच बिल्डिंगमधली मुलगी आली होती आणि हरलो तर जिन्यात भेटेल, अशी त्याला भीती होती. एका वेटलिफ्टरला कपाटाची किल्ली सापडत नव्हती, तर त्याने अख्खं कपाट उचलून काळे सरांच्या टेबलासमोर आणून ठेवलं आणि म्हणाला, “सर, आता तुम्हीच बघा.” अशा मुलांमध्ये माझे दिवस गेले. मी कमी बोलत असे आणि बघत जास्त असे. मुलांना वाटे, म्याडम कडक आहेत. मी कडक नव्हते, लाजत होते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

तर तो सामना. आम्ही तो दोन-एकने जिंकला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर त्याची एक ओळ आली, आणि तीत आमच्या कॉलेजचं नावही चुकवलेलं होतं. ज्यांच्या मैदानावर जिंकलो ते मुंबईतलं जुनं, नावाजलेलं कॉलेज. त्याचं नाव इथे घेत नाही. त्या ओळीत जे मावलं नाही तेवढंच सांगते.

आमचा संघ बहुतेक गावांतल्या मुलांचा होता. बोनकोडे, घणसोली, आजूबाजूची गावं. वाशीच्या नव्या कॉलनीतल्या मुलांचे आईबाप त्यांना क्रिकेटच्या बॅटी आणून देत. गावातली मुलं फुटबॉल खेळत, कारण त्याला एका बॉलपलीकडे काही लागत नाही. कॉलेजला मैदान नव्हतं. सराव चालायचा तो पुढेमागे ज्यावर सेक्टर होणार होता अशा मोकळ्या प्लॉटवर. तिथे आखणीचे दगड पुरलेले होते आणि रस्त्यासाठी आणलेल्या खडीचे माणसाच्या उंचीचे ढीग होते. एका बाजूचा गोल म्हणजे गटाराचे दोन सिमेंटचे पाइप. कॅप्टन भोईर एकदा मला त्या गोलसमोर उभा राहून म्हणाला, “म्याडम, इथं आमचा भात व्हायचा. आता मी इथंच गोल खातो.” हे तो हसत म्हणाला. मला हसावं की नाही ते कळलं नाही, म्हणून मी घड्याळ पाहिलं.

टेम्पो त्याच्याच काकांचा. वाशीच्या मार्केटात कांदा-बटाटा आला तशी गावातल्या काही जणांनी टेम्पो घेतले होते. काकांनी मला पुढे बसवलं. “बाय, तुमी केबिनमंदी बसा. मागं पोरांना बसू दे, त्यांना काय कांदा चावत नाय.” पूल ओलांडून आम्ही त्या कॉलेजात उतरलो तेव्हा मुलांच्या पांढऱ्या मोज्यांना कांद्याची लाल सालपटं चिकटली होती. गेटापाशी त्यांची चार-पाच मुलं उभी होती.

“कांदे आले रे, कांदे!” एक जण ओरडला.

आमचा ठाकूर संघात सगळ्यात बुटका. तो मोजे झटकत म्हणाला, “चिराल तं रराल.”

रराल म्हणजे रडाल, हे समजायला मला दोन क्षण लागले. समजल्यावर मी ओळखपत्रांच्या गठ्ठ्यात तोंड घातलं. मॅनेजरने हसू नये असं माझं तेव्हा मत होतं.

आता जनाबद्दल सांगायला हवं. जनार्दन म्हात्रे, राहणार बोनकोडे, आमचा पुढच्या फळीतला खेळाडू. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, उत्तर येत असलं तरी न देणारा. तेवढ्यापुरता तो मला माझ्यासारखा वाटे. त्याचे वडील मिठागरावर होते. मिठागर बंद झालं तेव्हापासून ते काही करत नव्हते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याचा फुटबॉल संघ होता. त्या संघाचे साहेब आज खास जनाला बघायला येणार होते. पसंत पडला तर कारखान्यात नोकरी. मात्र त्यांनी काळे सरांना आधीच बजावलं होतं, “खेळ कमी-जास्त चालेल. पण पंचांनी बाहेर काढलेला भांडकुदळ पोरगा आम्ही घेत नाही. एकदा घेऊन पस्तावलोय.” काळे सरांनी हे जनाला सांगितलं, मला सांगितलं, आणि कबड्डीला निघून गेले.

साहेब आले होते. पांढरा बुशशर्ट, मांडीवर हेल्मेट. माझ्यापासून दोन बाक सोडून ते एकटेच बसले होते.

पहिल्या अर्ध्यात आमची मुलं गांगरलेली होती. त्या मैदानाला खरं गवत होतं आणि बॉल त्यावरून सरळ जात होता. आमच्या मुलांना खड्ड्यावरून उडणाऱ्या बॉलची सवय. समोरच्या संघाने पेनल्टीवर गोल केला. तरी आमच्या गोलरक्षकाने, मिलिंद गायकवाडने, बाकीचं सगळं अडवलं. मिलिंद लातूरकडच्या कुटुंबातला, कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला. अडवलेला प्रत्येक बॉल तो छातीशी असा धरी, की बघणाऱ्याला वाटावं आता घरीच घेऊन जाईल. मध्यंतराच्या थोडं आधी थ्रो कुणाचा यावरून जनाने पंचांशी हुज्जत घातली आणि पंचांनी त्याला ताकीद दिली. दुसरी ताकीद म्हणजे मैदानाबाहेर. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

मध्यंतरात लिंबाची फोड देताना मी जनाला काहीतरी सांगायला हवं होतं. काय सांगावं ते सुचेपर्यंत त्याने फोड चोखून टाकली होती.

दुसऱ्या अर्ध्यात कॉर्नरवरून आलेल्या बॉलवर भोईरने डोकं मारलं आणि बरोबरी झाली. मग बराच वेळ काही घडलं नाही. दोन्ही संघ थकले होते. सामना संपायला थोडाच वेळ राहिला असताना ठाकूर बॉल घेऊन उजवीकडून धावला. तिकडे गोलसमोर त्यांच्या बचावपटूंच्या पाठीमागून जोरात आवाज आला, “हाय! हाय!”

त्यांचा उंच सेंटर-हाफ थबकला. मागे वळून बघायला लागला. एवढ्यात ठाकूरने त्याच्या बाजूने बॉल आत टाकला आणि जनाने तो गोलमध्ये मारला.

मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. पण गोल मान्य झाला की पंच मध्यरेषेकडे जातात, तसे ते गेले नाहीत. सेंटर-हाफ हात वर करून त्यांच्याकडे धावत होता. “हा कळवळून ओरडला, सर! मला वाटलं, पाय मोडला. म्हणून मी थांबलो!”

तो खोटं बोलत नव्हता. तो खरोखर थांबला होता, मी पाहिलं होतं. आणि जनाही खरंच ओरडला होता. भांडण एवढंच होतं, की तो काय ओरडला.

खेळाबाहेरच्या वाचकांसाठी नियम सांगते. समोरच्याला फसवण्यासाठी खोटी आरोळी दिली, तर पंच गोल रद्द करतात आणि ओरडणाऱ्याला ताकीद देतात. जनाची ती दुसरी झाली असती.

आमच्या मुलांना या ओरडण्यात वावगं काही दिसतच नव्हतं. त्या प्लॉटवर खडीच्या ढिगामागे उभा असलेला गडी दिसायचा नाही. म्हणून जो ढिगामागे असेल त्याने ओरडायचं, “हाय!” म्हणजे मी इथे आहे, टाक बॉल. गावात ‘आहे’ला ‘हाय’च म्हणतात. बॉल कुठे टाकायचा हे त्यांना डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त कळे. गवताच्या मैदानावर खडी नव्हती, पण सवय बरोबर आली होती.

“सर, मी हाय बोल्लो, म्हंजे मी हाय,” जना पंचांना सांगत होता.

पंच वयस्कर ख्रिस्ती गृहस्थ होते, बहुधा वांद्र्याकडचे. चांगला माणूस. पण मराठी त्यांना बेताचं येत होतं. त्यांना पुन्हा दोनदा ‘हाय’ ऐकू आलं, एवढंच. जनाने मग इंग्रजीचा आधार घेतला. “सर, आय हाय! आय देअर हाय!”

प्रेक्षकांत हशा झाला. “आय हाय!” कुणीतरी कमरेवर हात ठेवून ठुमका मारला. भोईर मध्ये पडला, तो आणखी मोठ्याने हाय म्हणाला. ती मुलं जितकं समजावत होती तितका तो मैदानावरचा विलाप वाटत होता.

पंचांनी दोन्ही मॅनेजरांना हाताने बोलावलं.

रेषा ओलांडताना गवतात माझ्या चपला रुतत होत्या, हे मला आठवतं. त्यांचे मॅनेजर टाय लावलेले प्रोफेसर होते. ते माझ्या आधी पोचले आणि आधी बोलले. त्यांचं इंग्रजी सुंदर होतं. मी ते मराठीत देते. “हाय म्हणजे काय हे सिनेमा बघणाऱ्या कुणालाही माहीत आहे, सर. आमचा मुलगा सज्जनपणे थांबला. त्याची शिक्षा त्याला होऊ नये.”

पंच माझ्याकडे वळले. “बोल, मुली.”

मी इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या बोलीत हाय म्हणजे ‘आहे’. मी जागेवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

प्रोफेसर माझ्याकडे बघून आदबीने हसले. “मिस, मीही मराठीच आहे. घरी आम्ही ‘आहे’ म्हणतो. तुम्ही घरी काय म्हणता?”

“आहे,” मी म्हणाले.

“बघा, सर.”

त्यात त्यांचीही चूक नव्हती. वाशीत यायच्या आधी मला कुणी विचारलं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं. शिवाय मी त्या संघाची मॅनेजर. मी दुसरं काय सांगणार, असं पंचांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला. खिशात ताकिदी लिहायची पेन्सिल होती. जना माझ्याकडे बघत नव्हता. तो बाकांकडे, पांढऱ्या बुशशर्टाकडे बघत होता.

माझा आवाज जगात एकाच कामासाठी चढतो. “सर,” मी म्हणाले, “मी यांची हजेरी घेऊ का?”

“हजेरी? इथे?”

“ही मुलं माझ्या वर्गात आहेत. नाव पुकारल्यावर ती काय म्हणतात, ते तुम्हीच ऐका. मी त्यांना काही शिकवत नाही, इथेच उभी आहे.”

प्रोफेसरांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. पण पंचांना गंमत वाटली असावी. त्यांनी मान हलवली.

मी मुलांना समोर उभं केलं. गोलपाशी राहिलेला मिलिंदही धावत आला. काय चाललं आहे हे कुणालाच कळत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे नावं मला तोंडपाठ होती. मी वर्गात वापरते त्या आवाजात सुरुवात केली.

“भोईर पांडुरंग.”

“हाय, म्याडम,” भोईर म्हणाला. सवयीने, विचार न करता.

पंचांनी भुवई उचलली. माझ्या जिवात जीव आला.

“गायकवाड मिलिंद.”

“यस, मॅडम!”

मिलिंद गावातला नव्हता, हे त्या घाईत मी विसरले होते. प्रोफेसरांनी टाय सारखा केला. पंच म्हणाले, “बाकीचे राहू देत. त्या मुलाचं नाव घे.”

“म्हात्रे जनार्दन.”

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्या शाळेत नाव पुकारलं की ‘प्रेझेंट, मिस’ म्हणायची शिस्त होती. कॉलेजात आल्यावर तीच शिस्त मी वर्गाला लावायला घेतली होती. हाय नाही, हो नाही, नुसती मान नाही. उभं राहायचं आणि प्रेझेंट, मिस म्हणायचं. पाहुणे आले, तपासणीला कुणी आलं, की वर्ग शोभला पाहिजे. पुढच्या बाकांवर ते रुजलं. मागच्या बाकांवर दोन दिवस टिकायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हाय. सगळ्यात जास्त वेळा मी जनालाच टोकलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो नुसता खाली बघत राहिला होता.

आता तो खाली बघत नव्हता. त्याने चिखलाचे हात चड्डीला पुसले. टाचा जुळवल्या. समोर परके पंच, टायवाले प्रोफेसर, बाकावर कारखान्याचे साहेब, आणि त्याची म्याडम भर मैदानात हजेरी घेते आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. आज मॅडमची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“प्रेझेंट, मिस,” जना म्हणाला. खणखणीत, एकही अक्षर न चुकता.

प्रोफेसर मोठ्याने हसले. “थँक यू, यंग मॅन.”

“मेलास रं,” भोईर पुटपुटला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. जना त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागला. आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं. इतका नीट तर तो कधीच बोलला नव्हता. पंचांनी खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं, आणि दुसऱ्या खिशात कागद शोधू लागले.

त्या मुलांची बोली मी रोज ऐकत होते, पण तिचा एक शब्दही कधी माझ्या तोंडून गेला नव्हता. आपण बोललो तर थट्टा वाटेल, असं मला वाटे. सगळं मैदान ऐकत होतं. कागद सापडला. मी एक पाऊल पुढे झाले, आणि शाळेत, घरात, कॉलेजात कुणीही कधी ऐकला नसेल अशा आवाजात ओरडले,

“प्रेझेंट मरू दे रं, जना! तू हाय का नाय?”